संकेतस्थळाची सवीर्यता

चिकित्सालयाची वेळ बदलली की दारावरची पाटी आपण लगेच बदलून घेतो, कारण ती येता-जाता नजरेस पडते. संकेतस्थळ मात्र एकदा तयार झाले की स्वतः वैद्य ते क्वचितच उघडून पाहतात. ते पाहतो परगावचा रुग्ण. मंठा, भोकरदन किंवा घनसावंगी तालुक्यातील एखाद्या खेड्यात नातू भ्रमणध्वनीवर आजीसाठी वैद्य शोधतो, वेळ पाहतो आणि दुसऱ्या दिवशी दोघे एस.टी.ने जालन्यास येतात. ती वेळ दोन वर्षांपूर्वीची असेल तर एक दिवसाची मजुरी, प्रवासखर्च आणि संधिवाताने आधीच त्रस्त असलेल्या आजीचे हाल, एवढे सारे त्या एका ओळीपायी व्यर्थ जाते.

शार्ङ्गधरसंहितेत औषधीकल्पांचा सवीर्यता अवधी सांगितलेला आहे. चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते, गुटी व अवलेह वर्षभर टिकतात. आसवे आणि धातूंची भस्मे मात्र जुनी झाली तरी गुणवानच. संकेतस्थळावरील मजकुरालाही हाच न्याय लावावा असे प्रस्तुत लेखकास वाटते. पंचकर्माचा परिचय किंवा त्रिदोषांची माहिती आसवासारखी. ती वारंवार हलविण्याचे कारण नाही. वेळा, सुट्ट्या, शुल्क, दूरध्वनी क्रमांक आणि शिबिरांच्या सूचना हे सारे चूर्ण होय.

सुवर्णप्राशनाचे उदाहरण घ्यावे. पुष्य नक्षत्र सुमारे सत्तावीस दिवसांनी येते, म्हणजे वर्षातून तेरा-चौदा वेळा, आणि इंग्रजी महिन्याची ठरावीक तारीख त्यास नसते. म्हणून गतवर्षीचे वेळापत्रक यंदा केवळ जुने राहत नाही, ते चुकीचेच ठरते. पंचांग हाती येताच पूर्ण वर्षाच्या तारखा एकदाच बसून लिहाव्यात. अर्ध्या तासाचे काम आहे. वासंतिक वमन शिबिराची सूचना शरद ऋतूतही झळकत असेल, तर ऋतुचर्या सांगणाऱ्या वैद्याविषयी वाचकाने काय समजावे?

काही बदल आपल्या हातून घडत नाहीत, तरी त्यांची नोंद आपणच घ्यावी लागते. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि जालन्यास येण्याचा अनेकांचा मार्ग पालटला. 2023 मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, त्याच वर्षी जालना नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेच्या जागी 2021 मध्ये राष्ट्रीय आयोग आला. परिचयपत्रात अजून जुनीच नावे असतील तर ती दुरुस्त करावीत. श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत लिहिलेली पाने तर आजच्या भ्रमणध्वनीवर अनेकदा निव्वळ चिन्हांची खिचडी दिसतात. ती युनिकोडमध्ये पुन्हा टंकलिखित करण्यावाचून गत्यंतर नाही.

सर्वांत गंभीर बाब दाव्यांची आहे. औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, 1954 च्या व्याख्येत प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही जाहिरात ठरते. महाजालाचे नावही नव्हते तेव्हाचे हे शब्द आजच्या पडद्यालाही लागू पडतात! मधुमेह, कर्करोग, मुतखडा, लठ्ठपणा, पांढरे डाग अशा अनुसूचित व्याधींवरील औषधाची जाहिरात या अधिनियमानुसार निषिद्ध आहे. नोंदणीकृत वैद्याने स्वतःच्या जागेत लावलेल्या, तेथे अमुक व्याधीची चिकित्सा होते एवढेच सांगणाऱ्या फलकास कलम 14 मध्ये सूट आहे. परंतु संकेतस्थळ हे ‘स्वतःच्या जागेतील फलक’ आहे असे गृहीत धरणे धाडसाचे होईल. आयुष मंत्रालयाने 1 एप्रिल 2020 रोजी कोविडवरील उपचाराच्या दाव्यांची प्रसिद्धी थांबविण्याचा आदेश काढला होता. त्या काळात घाईने चढविलेला काढ्याचा मजकूर एखाद्या कोपऱ्यात राहिला आहे का, हे प्रत्येकाने आजच तपासावे. कायद्याचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तरी ‘मधुमेह समूळ नष्ट’ ही ओळ वाचून एखाद्या रुग्णाने परस्पर इन्सुलिन बंद केले, तर त्याच्या प्राणावर बेतेल. लिहिणाऱ्याने ती ओळ विसरली असली तरी वाचणाऱ्यास ती आजचीच वाटते.

हे काम कोणी करावे? बहुधा संकेतस्थळ भाच्याने किंवा छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या व्यावसायिकाने करून दिलेले असते आणि परवलीचा शब्द त्याच्याचकडे राहतो. मजकूर बदलण्यास त्याचे साहाय्य जरूर घ्यावे, परंतु संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, वैद्याच्या स्वतःच्या नावे नोंदलेले असावे. त्याचे नूतनीकरण मुदतीत झाले नाही तर तेच नाव दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो आणि आपल्या छापील लेटरहेडवरचा पत्ता रुग्णास जुगाराच्या पानावर नेऊन सोडतो. नूतनीकरणाची तारीख चिकित्सालयाच्या नोंदवहीत, परिषदेच्या नोंदणीच्या तारखेशेजारीच लिहून ठेवावी आणि परवलीचा शब्द घरातील आणखी एका जबाबदार व्यक्तीस ठाऊक असू द्यावा.