तत्काळचं दार किती उघडायचं?

वातानुकूलित वर्गाचं तत्काळ आरक्षण सकाळी दहाला सुरू होतं, इतर वर्गांचं अकराला. त्या मिनिटाला सुरतच्या कापड कारखान्यांतला उत्तर भारतीय कामगार ताप्ती-गंगा एक्सप्रेससाठी मोबाईलवर बोटं आपटत असतो, लिंबायत-उधन्यातला खानदेशी भुसावळकडची गाडी धुंडाळत असतो. पडद्यावरचं चाक फिरत राहिलं की मोबाईल आणि रेल्वेच्या नोंदी यांच्या मधल्या यंत्रणेला शिव्या बसतात. पण आरक्षणाच्या मूळ नोंदींपर्यंत कुणालाही थेट पोहोचू न देणं हेच तिचं काम आहे, आणि ते प्रवाशाच्याच हिताचं आहे.

रेल्वेचं संगणकीय आरक्षण ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर दिल्लीत सुरू झालं. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद इथेही मोठे केंद्रीय संगणक बसले. १९९९मध्ये ‘कॉन्सर्ट’ प्रणालीने पाचही केंद्रं जोडली. ही सारी रचना खिडकीवरच्या कारकुनासाठी होती. ३ ऑगस्ट २००२ रोजी आयआरसीटीसीची ऑनलाइन तिकीटविक्री सुरू झाली, तेव्हा लोकांसाठी मूळ नोंदवही उघडली नाही. मध्ये सर्व्हरची फळी, म्हणजेच गेटवे, उभी केली. असा गेटवे मोजक्याच मागण्या आत सोडतो: जागा आहे का, तिकीट द्या, रद्द करा, पीएनआर सांगा. ओळख तपासायची, मागणी जुन्या यंत्रणेला कळेल अशा साच्यात घालायची, एका वेळी किती आत सोडायच्या ते ठरवायचं आणि प्रत्येकीची नोंद ठेवायची. खरी कसोटी पैसे कापल्यावर जोडणी तुटली की लागते. तिकीट निघालं की नाही, हे गेटवेला ठाऊक नसतं. मागणी आंधळेपणाने पुन्हा पाठवली तर एकाच माणसाच्या नावे दोन बर्थ जातील. म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक हवा. आधी त्याची चौकशी, मगच पुढचं पाऊल.

एकच दार म्हणजे कोंडी, हा आक्षेप रास्त आहे. पण दार रुंद करता येतं. २०१४च्या नव्या ई-तिकीट प्रणालीने मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२००वर नेली. त्यापेक्षा जुनी यंत्रणाच मोडीत का काढू नये, असंही विचारलं जातं. ती बदलावी लागेलच, आणि नवी आरक्षण प्रणाली उभारण्याचं काम रेल्वेने हाती घेतलंही आहे. मात्र खिडक्या, आरक्षणाचे तक्ते आणि परतावे एक दिवसही थांबवता येत नाहीत. मधे गेटवे असला की मागची यंत्रणा टप्प्याटप्प्याने बदलता येते, प्रवाशाला पत्ता लागत नाही. दलालांना अडवण्याचं कामही याच दाराचं. १ जुलै २०२५पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार पडताळणी सक्तीची झाली. खरा प्रवासी आणि दलालाचं सॉफ्टवेअर यांतला फरक बर्थच्या नोंदवहीला कळत नाही. तो दारातच ओळखावा लागतो.

गाडीत जागा कमी आणि मागणारे जास्त, हे दुखणं कुठलाही सर्व्हर बरं करणार नाही. पण ज्या थोड्या जागा आहेत, त्या वशिल्याविना आणि दोनदा न विकता वाटल्या जाव्यात, एवढी हमी तो देऊ शकतो. त्याची पारखही वेगाइतकीच या हमीवर व्हायला हवी.