माया हातातून पोचू द्या

पोळ्याच्या आदल्या सांजेला पांढुर्णा-सौंसर भागातला कोणताही गोठा पाहावा. शेतकरी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतो, जुवाखाली राठ झालेली कातडी सावकाश चोळतो आणि उद्याच्या जेवणाचे आवतण देतो. ही आपली खांदशेकणी. चोळता चोळता त्याचा हात बैलाच्या गळ्याभोवती जातो आणि तिथेच घटकाभर थांबतो. मुक्या जनावराला स्पर्शाची भाषा कळते, हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

आता त्याच शेतकऱ्याला विचारा, "बाबा, मोठ्या मुलाला तुम्ही शेवटचे कधी जवळ घेतले?" पुष्कळ जण खाली पाहतील. मूल रांगते-चालते असेपर्यंत कडेवर असते. मिसरूड फुटली की बापलेकांचे बोलणे पेरणी, पाणी आणि पैसा एवढ्यावर येऊन थांबते. मुलगा नागपूरला शिकायला किंवा बोरगावच्या कारखान्यात कामाला जातो. सणाला घरी आला तर बाप विचारतो, "केव्हा आलास?" माया पोटात भरपूर असते, पण ती पोटातच राहते.

मिठी ही बाहेरून आलेली पद्धत आहे, असे कोणी म्हणू नये. लग्नात व्याहीभेट होते तेव्हा कालपरवापर्यंत अनोळखी असलेला माणूस आपण उराशी धरतो. पाठवणीच्या वेळी लेक बापाच्या गळ्यात पडते. दसऱ्याला सोने देताना मित्र गळाभेट घेतात. रीत आपलीच आहे. आपण ती ठरावीक दिवसांपुरती बांधून ठेवली आहे.

पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार होते. पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि एका काठावरून पांढुर्ण्याचे, दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक दगड मारतात. दरवर्षी कित्येक जण जखमी होतात; जीवही गेले आहेत. दंतकथा सांगते की, याच्या मुळाशी दोन गावांतल्या एका प्रेमी जोडप्याचे मरण आहे. काल बैलाच्या गळ्यात पडलेला हात आज शेजाऱ्यावर दगड उचलतो. हात तोच, वळण लावावे तसा तो वळतो.

आरोग्याच्या दृष्टीनेही जवळ घेण्याला मोल आहे. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ठेवण्यासाठी उबेच्या पेट्या कमी पडत होत्या. त्यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवण्याची पद्धत सुरू केली. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला: जन्मताच असे जवळ घेतलेल्या कमी वजनाच्या बाळांतील मृत्यू चौथ्या हिश्श्याने कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा बाळांना दिवसातून ८ ते २४ तास छातीशी ठेवण्याचा सल्ला दिला. आई थकली तर बाप किंवा आजीही हे करू शकते.

शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा बाप शेतीवाडीचाच माणूस. मुलगा दूर असतानाच तो धावला आणि त्याच्या गळ्यात पडला. मुलाची क्षमायाचना त्यानंतरची. आधी मिठी, मग हिशेब, असा क्रम त्या बापाने ठेवला.

तेव्हा वाचकहो, आमच्या चार सूचना ध्यानात घ्याव्यात.

१. मूल नापास झाले, पीक बुडाले, कर्ज थकले, अशा दिवशी उपदेश मागाहून करावा. आधी पाठीवर हात ठेवावा, जवळ घ्यावे. खचलेल्या माणसाला आपण एकटे नाही, हे त्यातून कळते. माणूस फारच गप्प झाला, तर त्याला डॉक्टरांकडेही न्यावे.

२. म्हाताऱ्या आईबापांच्या पाया पडून लगेच उठू नये. त्यांचा हात हातात घेऊन थोडे बसावे. कित्येक म्हाताऱ्यांना दिवसभरात कोणाचा स्पर्शही होत नाही.

३. कुष्ठरोग हात मिळवल्याने किंवा मिठीने पसरत नाही आणि औषध सुरू झाल्यावर रोग्यापासून त्याचा प्रसार होत नाही. उपचार घेऊन परतलेल्या माणसाला दारात ताटकळत ठेवू नये.

४. परक्याला मिठी मारायची तर त्याची मर्जी ओळखावी. मूल मागे सरत असेल तर त्याला ओढू नये. मुलींच्या बाबतीत विशेष जपावे. आपल्याकडे १९६९ पासून मिस्सामध्ये शांतीची खूण हात जोडून देण्याची मुभा आहे. जोडलेल्या हातांतही आदर आणि माया दोन्ही मावतात.

यंदा खांदशेकणी झाली की गोठ्यातून सरळ घरात यावे. हातांना हळद असेल, असू द्या. त्याच हातांनी मुलाला एकदा जवळ घ्यावे.