मोटारीतील वीज घरासाठी

वैशाखातील वादळाने भिलाईच्या एखाद्या सेक्टरात तारा तुटून वीज खंडित झाली, तर दारातील विद्युत मोटारीच्या ४० युनिटांच्या बॅटरीतून ३० युनिटे काढून दोन पंखे, काही दिवे आणि फ्रिज मिळून सरासरी ३०० वॉटचा भार, रूपांतरातील घट वजा जाताही, सुमारे साडेतीन दिवस वाहता येतो. २०११च्या महाभूकंपानंतर जपानात निसान लीफसाठी अशी तजवीज २०१२मध्ये झाली. आपल्याकडील टाटा नेक्सॉन ईव्हीतून एका वेळी ३.३ केव्हीएपर्यंत वीज मिळते. मात्र ती घराच्या वायरिंगमध्ये थेट सोडल्यास उलट प्रवाहाने खांबावरील लाइनमनचा प्राण जाऊ शकतो, आणि ही धास्ती मला सर्वांत मोठी वाटते. म्हणून परवानाधारक वायरमनने चेंजओव्हर स्विचचा बंदोबस्त करेपर्यंत उपकरणे मोटारीच्या सॉकेटवरूनच स्वतंत्रपणे चालवावीत.