एक झाड, अनेक चवी : भारतीय चहाच्या प्रकारांचा स्वादविचार

प्रस्तावना

चहा हे भारतात घरोघरी पोहोचलेले पेय आहे. तथापि ज्या वस्तूशी आपला दिवसातून दोन-तीन वेळा संबंध येतो, तिच्या प्रकारांविषयी मराठी ग्राहकाची जाण मर्यादितच असल्याचे दिसते. किराणा दुकानात चहा कडक हवा की साधा, पावडर बारीक की जाड, एवढीच चौकशी होते. प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी दार्जिलिंग चहाचे एक महागडे पाकीट आणले आणि तो नेहमीच्या रीतीने दूध, साखर व आले घालून चांगला उकळला. हाती आला तो फिका, निःसत्त्व पदार्थ. चूक करण्याच्या पद्धतीत होती, हे पुढे वाचनातून उमगले. चहाची चव नेमकी कशात असते, झाडात, जमिनीत की पानावर होणाऱ्या संस्कारात, याचा विचार या लेखात केला आहे.

पान आणि प्रक्रिया

हिरवा चहा, ऊलाँग व काळा चहा ही निरनिराळ्या झाडांची पाने आहेत, असा समज आढळतो. वस्तुतः हे सर्व प्रकार ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ या एकाच वनस्पतीपासून होतात. तिचे दोन मुख्य वाण आहेत : लहान पानांचा चिनी आणि मोठ्या पानांचा आसामी. (आपल्या परसातील गवती चहा हे मात्र निराळ्याच कुळातील गवत होय, चहाशी त्याचे नाते नावापुरते आणि आधणापुरतेच.)

खुडलेल्या पानात कॅटेचिन नावाची तुरट द्रव्ये आणि त्यांचे ऑक्सिडीकरण घडविणारे एक विकर असते. अखंड पानात ती परस्परांपासून वेगळी राहतात. पान लगेच वाफेने किंवा कढईत तापविले, तर विकर निष्क्रिय होऊन हिरवा चहा मिळतो. याउलट पान प्रथम कोमेजू दिले व नंतर वळले, तर पेशी फुटतात, हवेशी संयोग होतो आणि पान तांबूस होऊ लागते. या अवस्थेत निर्माण होणाऱ्या थिआफ्लेविनमुळे चहाला तेज व तरतरी येते, तर थिआरुबिजिनमुळे रंग व भरीवपणा येतो. चहाउद्योगात या क्रियेस ‘किण्वन’ म्हणण्याचा प्रघात आहे, परंतु काळ्या चहात जीवाणूंचा काही संबंध नसल्याने तो शब्द चुकीचाच म्हणावा लागेल. ही क्रिया मध्येच थांबविली की ऊलाँग, पूर्ण होऊ दिली की काळा चहा.

आपल्या कपातील चहा

आसामातील सिंगफो लोक चहाचे झुडूप पूर्वापार वापरत होते. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस याला त्याची माहिती मिळाली आणि १८३९ मध्ये आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये झाला. मात्र महाराष्ट्रातील चहाला आजचे रूप देणारी घटना त्यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी, आसामातीलच आमगुरी मळ्यात घडली. तेथे १९३०च्या सुमारास विल्यम मॅककर्चर याने दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे करणारे यंत्र सिद्ध केले. हाच तो सीटीसी चहा. दाण्यांचे पृष्ठफळ मोठे असल्याने रंग झपाट्याने उतरतो आणि थोड्या पावडरीत अधिक कप होतात.

दुधातील केसीन हे प्रथिन चहातील तुरट द्रव्यांशी बद्ध होते व तुरटपणा सौम्य करते. सीटीसीमध्ये ही द्रव्ये एवढी भरपूर उतरतात की दूध घालूनही चहाचा जोर टिकतो. पुण्यातील अमृततुल्याची परंपरा, ज्यात वेलची-आल्यासह चहा दुधात खळखळ उकळतो, ती अशाच पावडरीवर उभी राहू शकते. म्हणून सीटीसीला हलका चहा म्हणून नाक मुरडणे योग्य नव्हे. त्याचे काम निराळे आहे.

दार्जिलिंग : ऋतूंचा चहा

दार्जिलिंगमध्ये डॉ. आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी १८४१ मध्ये चिनी वाणाची लागवड केली. डोंगरउतारावरील थंड हवेत पान सावकाश वाढते. त्यामुळे उत्पन्न कमी, परंतु सुगंधी द्रव्ये अधिक. एकाच झुडपाची चव येथे ऋतुमानाप्रमाणे पालटते. हिवाळ्याच्या सुप्तावस्थेनंतर मार्च-एप्रिलमध्ये खुडलेली पहिली पालवी फिकट सोनेरी, फुलांच्या वासाची व किंचित तुरट असते. मे-जूनमधील दुसऱ्या पालवीस पिकल्या द्राक्षांची आठवण करून देणारा जो गंध येतो, त्यास ‘मस्कटेल’ म्हणतात. पावसाळी पान रंगाने गडद पण गंधाने सामान्य, तर शरदातील चहा पुन्हा मृदू.

मस्कटेल गंधामागील एक कारण विलक्षण आहे. या काळात हिरवे तुडतुडे कोवळ्या पानांतील रस शोषतात. कापूस व आंब्यावरील तुडतुड्यांना आपला शेतकरी चांगला ओळखतो. येथे मात्र कीडग्रस्त झुडूप प्रतिकार म्हणून जी सुगंधी संयुगे तयार करते, तीच चहाचे मोल वाढवितात. उत्पन्न घटते आणि किंमत चढते. मात्र हे सुगंध उडून जाणारे असल्याने तो चहा उकळला की गंध वाफेबरोबर निघून जातो. आधण खाली उतरवून त्यात कपामागे लहान चमचाभर पाने टाकावीत आणि तीन-चार मिनिटे झाकून ठेवावे, एवढेच पुरे. दूध नको.

निलगिरीचा चहा स्वच्छ, सौम्य असतो व थंडीत खुडलेला विशेष सुगंधी. कांगडा येथील चहाही चिनी वाणाचाच.

नाव आणि चव

‘दार्जिलिंग चहा’ हे २००४ मध्ये नोंदविले गेलेले भारतातील पहिले भौगोलिक मानांकन होय. ते ८७ मळ्यांपुरते मर्यादित आहे. अस्सल मालावर दोन पाने व एक कळी हाती धरलेल्या स्त्रीचे चिन्ह असते. (लेखकाच्या त्या पाकिटावर ते नव्हते, हे नंतर रिकामे पाकीट पाहताना लक्षात आले.) २०१७ च्या जूनमध्ये गोरखालँडच्या मागणीसाठी सुरू झालेला बंद शंभराहून अधिक दिवस चालला आणि ऐन दुसऱ्या पालवीचा हंगाम बुडाला. एकेकाळी एक कोटी किलोच्या घरात असलेले उत्पादन २०२३ मध्ये साठ लाख किलोच्या आसपास उतरले होते. जुनी झुडपे व लहरी पाऊस हीही त्याची कारणे आहेत.

ही पोकळी सीमेपलीकडील नेपाळच्या इलाम भागातील चहाने भरून निघते आणि त्यातील काही माल दार्जिलिंगच्या नावाने विकला जातो. २०२२ साली संसदेच्या वाणिज्यविषयक स्थायी समितीनेही याची दखल घेतली. येथे प्रश्न गुंतागुंतीचा होतो. डोंगर तोच, वाण बहुतांशी तोच, प्रक्रियाही तीच. इलामचा चहा चवीला वाईट असतो असे प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. सामान्य ग्राहकाच्या जिभेला तर फरक कळणेही अवघड. मात्र त्या चहाला स्वतःचे नाव असताना तो दुसऱ्याच्या नावावर खपविला जातो, तेव्हा दार्जिलिंगच्या मळ्यातील मजुराला भाव मिळत नाही आणि इलामच्या शेतकऱ्याला ओळख.