कुंडात पाय टाकण्याआधी

मुंबई-गोवा महामार्गाने चिपळूण सोडून संगमेश्वरकडे निघालं की आधी आरवली लागतं, मग तुरळ. दोन्ही ठिकाणी गरम पाण्याचे झरे आहेत आणि दोन्ही गावं तशी शेजारशेजारची. आरवलीचं पाणी साधारण ४० अंश सेल्सिअस, म्हणजे थंडीत आपण आंघोळीला काढतो तसं. तुरळचं ६० अंशांच्या आसपास. आरवलीत मनसोक्त डुंबलेल्या माणसाने त्याच भरवशावर तुरळच्या झऱ्यात पाय घातला, तर पाय भाजेल. एका झऱ्याचा अनुभव दुसऱ्याला लावायचा, ही चूक मला सगळ्यांत धोक्याची वाटते. बाकीचे बरेच गैरसमज या एका चुकीला खतपाणी घालतात.

असे झरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. रायगडात पालीजवळचं उन्हेरे आणि महाडजवळचं सव. रत्नागिरीत दापोली तालुक्यातलं उन्हवरे, मग तुरळ, राजवाडी आणि राजापूरजवळचं उन्हाळे. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या सुमारे ३०० किलोमीटरच्या पट्ट्यात ही माळ पसरली आहे. कोकणाबाहेर जळगावचं उनपदेव, नांदेडचं उनकेश्वर. काही ठिकाणी देवस्थानामुळे राबता असतो, तर काही झरे आडवाटेला, नदीच्या काठी, जिथे मोबाइलला रेंज नाही आणि विचारायला माणूसही नाही, असे आहेत.

‘जमिनीत गंधक आहे, म्हणून पाणी तापतं.’ हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की शाळेतली मुलंसुद्धा तेच लिहितात. गंधकामुळे पाणी तापत नाही. जमिनीत खोल जावं तसं तापमान वाढत जातं, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी. पावसाचं पाणी खडकांतल्या भेगांमधून खोल झिरपतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि मोठ्या भेगेची वाट सापडली की दाबाने वर येतं. किती खोलवर जाऊन आलं आणि वर येताना थंड पाण्यात किती मिसळलं, यावर त्याची उष्णता ठरते. म्हणून तर दोन शेजारच्या गावांत २० अंशांचा फरक पडतो. कुजक्या अंड्यासारखा जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. पाण्यात त्याचा अंश असला तरी नाकाला कळतो. पायातलं चांदीचं पैंजण या पाण्यात काळं पडतं तेही त्यामुळेच: चांदीवर सल्फाइडचा पातळ थर बसतो. पाणी विषारी आहे किंवा अंगातली पीडा चांदीने ओढून घेतली, यांपैकी काहीच त्यावरून सिद्ध होत नाही. वासावरून पाणी किती गरम आहे हेही कळत नाही.

याच्याच जोडीला ‘खाली ज्वालामुखी आहे’ अशी भीती असते. आपला काळा कातळ लाव्हारसाचा आहे खरा, पण तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो कधीच थंड झाला आहे. आइसलँडसारख्या देशांतले झरे जिवंत ज्वालामुखींच्या उष्णतेवर तापतात. कोकणातले तसे नाहीत.

‘बुडबुडे येत नाहीत, म्हणजे पाणी फार तापलेलं नसणार.’ या समजुतीने थेट इजा होते, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. कुंडाच्या तळातून वर येणारे बुडबुडे वाफेचे नसतात. कोकणातल्या झऱ्यांत ते मुख्यतः नायट्रोजनचे असतात, सोबत थोडा हेलियम. त्यामुळे कोमट पाण्यातही ते फसफसतात आणि कडकडीत पाणीही कधी काचेसारखं निश्चल दिसतं. पाणी उकळायला समुद्रसपाटीला १०० अंश लागतात, पण माणूस भाजायला एवढे लागत नाहीत. ४९ अंशांच्या पाण्यात काही मिनिटांत खोल भाजतं, ५५ अंशांना अर्ध्या मिनिटात, ६० अंशांना पाचेक सेकंदांत. उन्हवऱ्याच्या उगमाशी पाणी ७० अंशांच्या घरात असतं. तिथे एक सेकंदही पुष्कळ झाला. लहान मुलांची आणि वयस्कर माणसांची कातडी पातळ असते, त्यांना याहून कमी वेळ पुरतो.

हाताने अंदाज घ्यायची आपली सवय अगदी चुकीची नाही, पण ती अपुरी आहे. काठाचं पाणी हवेने निवलेलं असतं आणि तळाशी, जिथे झरा फुटतो तिथे, वेगळंच तापमान असतं. स्वयंपाकघरात वापरतात तसला डिजिटल थर्मामीटर चार-पाचशे रुपयांच्या आत मिळतो. दोरी बांधून तो उगमाशी, मध्यावर आणि काठाला, तिन्हीकडे बुडवावा. ४० अंशांपर्यंत निवांत बसावं, ४२च्या पुढे अंग बुडवू नये. थर्मामीटर नसेल तर कोपरापर्यंतचा हात हळूहळू पाण्यात घालून पाहावा आणि त्याआधी गावातल्या माणसाला विचारावं. कुठलं कुंड आंघोळीचं आणि कुठलं नाही, हे तिथल्या म्हातारीला आकड्यांशिवाय पक्कं माहीत असतं. मधुमेहींनी मात्र स्वतःच्या पायांवर विश्वास ठेवू नये. वर्षानुवर्षांच्या मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होते. पाय भाजतो आणि कळतं ते फोड आल्यावर. गुडघेदुखीसाठी आईवडिलांना हौसेने कुंडावर नेणाऱ्या मुलांनी ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी.

‘जितका वेळ बसाल तितका गुण येतो.’ उष्णतेने स्नायू सैल पडतात, सांध्यांचं दुखणं काही काळ थांबतं, हे खरं आहे. पण गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि माणूस झटकन उठला की डोळ्यांपुढे अंधारी येते. शेवाळलेल्या दगडी पायऱ्यांवर आलेली घेरी वाईट. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. मग बाहेर यावं, पाणी प्यावं, वाटलं तर पुन्हा उतरावं. हृदयविकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. गरोदर बाईने, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, अशा पाण्यात बसू नये. दारू पिऊन तर कोणीच नाही.

त्वचेच्या रोगांबद्दल लोकांची श्रद्धा मोठी आहे आणि ती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. खरजेवर गंधकाचं मलम डॉक्टरही देतात. पण मलमात गंधक मोजून घातलेलं असतं, झऱ्यात ते किती आहे हे कोणी मोजलेलं नसतं. इसब असलेल्यांची कातडी गरम पाण्याने आणखी कोरडी पडते, खाज वाढते. नायटा झालेल्याने कुंडाच्या काठी एकमेकांचे पंचे वापरले तर तो घरभर पसरतो. कुष्ठरोगाला औषध आहे, ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि त्याने रोग पूर्ण बरा होतो. कुंडाच्या भरवशावर त्या उपचाराला उशीर करणं म्हणजे हातापायांच्या बोटांची किंमत मोजणं.

‘एवढ्या गरम पाण्यात जंतू कसे जगतील?’ जगतात. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा गरम, गोड्या पाण्यात वाढतो आणि जवळपास ४६ अंशांपर्यंत टिकतो. म्हणजे माणसाला सोसवतं ते पाणी त्यालाही मानवतं. पाणी पोटात गेल्याने तो काही करत नाही. नाकातून मात्र तो मेंदूपर्यंत पोहोचतो, आणि मग होणारा आजार फार थोड्यांना जगू देतो. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबामुळे झालेल्या मेंदूच्या आजाराचे रुग्ण सापडले, तेव्हा तलाव-विहिरींच्या संदर्भात हे नाव आपल्या वर्तमानपत्रांतही आलं. आजार अतिशय विरळ आहे, घाबरून जायचं कारण नाही. टाळायचं कसं तेही सोपं आहे: डोकं पाण्याबाहेर ठेवायचं. बुडी मारायची नाही, सूर मारायचा नाही, मुलांना तोंडावर पाणी उडवू द्यायचं नाही, तळाचा गाळ ढवळायचा नाही, त्या पाण्याने जलनेती तर मुळीच करायची नाही. पुढच्या दोन आठवड्यांत ताप, सडकून डोकेदुखी, मान आखडणं असं काही झालं तर डॉक्टरांना कुंडात उतरल्याचं आपणहून सांगावं. ते विचारतीलच असं नाही.

‘तीर्थ म्हणून चार घोट प्यायला हरकत नाही.’ खोल खडकांतून आलेल्या गरम पाण्यात खूप क्षार विरघळलेले असतात, पुष्कळदा फ्लोराइडही. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. ओठाला लावलेल्या तीर्थाने काही होत नाही. बाटल्या भरून घरी नेऊन रोज पिणं बरं नाही.

नदीकाठच्या झऱ्यांचा धोका वेगळा, त्याचा उष्णतेशी संबंध नाही. अकलोलीची काही कुंडं तानसा नदीच्या पात्राला लागून आहेत. पावसाळ्यात डोक्यावर ऊन असलं तरी नदीच्या वरच्या अंगाला पाऊस झाला की पाणी चढतं. हिमाचलच्या पार्वती खोऱ्यात, मणिकरण आणि खीरगंगेला, पुण्या-मुंबईहून ट्रेकला जाणारे पुष्कळ. जुलै २०२३ मधल्या पुराने त्याच खोऱ्यात हजारो पर्यटक अडकून पडले होते. मणिकरणच्या कुंडात कापडात बांधलेला तांदूळ शिजतो आणि त्याच गावात स्नानाची कुंडं थंड पाणी मिसळून तयार करतात, हेही जाण्याआधी माहीत असावं. खीरगंगा जवळपास ३,००० मीटर उंचीवर आहे. तिथे संध्याकाळी ऊन पाण्यातून निघून ओल्या कपड्यांनी तंबूकडे चालत गेलेल्याला काही मिनिटांत हुडहुडी भरते. कोरडे कपडे आणि टोपी काठावर हाताशी ठेवूनच पाण्यात उतरावं.

आणि कोणी पडलंच तर? मागून उडी मारू नये, हे सांगायला जड जातं पण सांगायलाच हवं. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात १९८१ साली उकळत्या झऱ्यात पडलेल्या कुत्र्याला वाचवायला एकाने उडी घेतली. कुत्रा वाचला नाही, तोही वाचला नाही. त्या उद्यानात आजवर वीसहून अधिक माणसं झऱ्यांत भाजून गेली आहेत. काठी, ओढणी, दोर पुढे करून ओढावं. बाहेर काढल्यावर अंगठ्या, बांगड्या, कडं लगेच उतरवावं, कारण सूज आली की ते निघत नाही. भाजलेल्या जागेवर साधं थंड पाणी वीस मिनिटं सोडावं. बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यांतलं काहीही लावू नये. हे सगळं उष्णता आत कोंडतं आणि नंतर डॉक्टरांना जखम दिसत नाही. चिकटलेला कपडा ओढून काढू नये. वीस मिनिटांपुरतं साधं पाणी झऱ्याजवळ असेलच असं नाही, म्हणून गाडीत एक भरलेला कॅन ठेवावा. १०८ला फोन लावायला रेंज नेमकी कुठे येते, तेही पाण्यात उतरण्याआधीच बघून घ्यावं.