बिनतारी स्थानिक जाळ्यातील वाहिनी-आरक्षण व प्रेषणकालाची गणना

बिनतारी स्थानिक जाळ्यात सर्व केंद्रे एकाच वाहिनीचा उपयोग करतात. परंतु प्रत्येकास इतरांचे प्रेषण ऐकू येतेच असे नाही. परस्परांस न ऐकू येणारी दोन केंद्रे एकाच वेळी प्रेषण करू लागली, तर ग्राहकापाशी टक्कर होऊन दोन्ही फ्रेम वाया जातात. वाहिनीचे आगाऊ आरक्षण हा यावरील उपाय होय. प्रेषक लहानशी विनंती-फ्रेम पाठवितो, ग्राहक अनुमती-फ्रेमने उत्तर देतो, आणि त्यांत नमूद केलेल्या कालावधीपर्यंत इतर केंद्रे मौन पाळतात. या सावधगिरीचे मोल किती, हे गणिताने पाहू.

उदाहरणादाखल १९९९ सालचे ८०२.११ब हे मानक घेऊ. माहितीचा वेग सेकंदास ११ मेगाबिट, नियंत्रण-फ्रेमांचा १ मेगाबिट, आणि प्रत्येक फ्रेमच्या आरंभीचा दीर्घ प्रास्ताविक भाग १९२ मायक्रोसेकंदांचा, असे धरू. पुढील सर्व काल मायक्रोसेकंदांत आहेत.

विनंती (२० बाइट): १६० + १९२ = ३५२
अनुमती व पोच (प्रत्येकी १४ बाइट): ११२ + १९२ = ३०४
माहिती (१,५०० बाइट व वेष्टनाचे २८): १२,२२४ बिट ÷ ११, म्हणजे १,११२; अधिक १९२ = १,३०४

आरक्षणावाचून लागणारा काल येणेप्रमाणे: आरंभीची प्रतीक्षा ५०, यादृच्छिक प्रतीक्षेची सरासरी ३१०, माहिती १,३०४, अल्प विराम १० व पोच ३०४, एकूण १,९७८. आरक्षण केल्यास विनंती, अनुमती व आणखी दोन विराम मिळून ६७६ ची भर पडते, एकूण २,६५४. अर्थात प्रत्यक्ष वेग सेकंदास ६.०७ मेगाबिटांवरून ४.५२ वर उतरतो. लहरींच्या प्रवासास ३०० मीटरमागे सुमारे १ मायक्रोसेकंदच लागत असल्याने तो वगळला आहे.

मग आरक्षण करावे कशासाठी? टक्कर झाल्यास आरक्षणावाचून १,३०४ वाया जातात, आरक्षणासह केवळ ३५२. म्हणजे प्रत्येक टकरीमागे ९५२ ची बचत होते. सबब दहा यशस्वी प्रेषणांमागे टकरी आठ किंवा अधिक होत असतील, तरच हा व्यवहार फायद्याचा ठरतो. याउलट १०० बाइटांच्या माहितीची फ्रेम अवघ्या २८६ मायक्रोसेकंदांत जाते. तेथे विनंतीच माहितीहून लांब असल्याने आरक्षणाने लाभ संभवतच नाही.

म्हणूनच मानकाने लांबीची एक मर्यादा ठरविण्याची मुभा दिली आहे. तिच्याहून मोठ्या फ्रेमसाठीच आरक्षण केले जाते. ही मर्यादा कोठे असावी, हे त्या त्या ठिकाणी होणाऱ्या टकरींच्या प्रमाणावरून ठरवावयाचे असते.