मूर्ती लहान, पण राखण चोख
(घराच्या राखणीसाठी लहान जातीचा कुत्रा कसा निवडावा?)



आपल्या मल्हारगंजातील अनेक घरांचे चित्र गेल्या काही वर्षांत बदलले आहे. ज्या वाड्यांत पूर्वी पंधरा-वीस माणसे नांदत, तिथे आता दोघे-तिघेच उरले आहेत. मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्याला, बंगळूरला नाहीतर परदेशी गेली आहेत आणि घरात आजी-आजोबा आहेत. दुपारी गल्ली सामसूम असते. अशा वेळी "राखणीला एखादा कुत्रा असावा" हा विचार घरोघरी निघतो आणि त्यासोबत डोळ्यांसमोर येतो तो अल्सेशियन, रॉटवायलर किंवा डॉबरमन. कुत्रा जितका मोठा तितकी राखण चांगली, असा आपला समज असतो. या लेखात हा समज तपासून पाहू आणि मग आपल्यासारख्या जुन्या वस्तीतील घराला कोणता कुत्रा मानवेल, याचा विचार करू.

राखण म्हणजे नेमके काय?

राखणीची दोन कामे असतात. एक, कोणी परके आले की घराला वर्दी देणे. दुसरे, त्या माणसाला अडवणे. दुसरे काम मोठ्या, शिकवलेल्या कुत्र्याचे आहे. तो सांभाळायला ताकदीचा आणि अनुभवी माणूस लागतो. चाळीस किलोच्या कुत्र्याने मांजर पाहून हिसका दिला, तर साखळी धरलेले सत्तर वर्षांचे आजोबा ओट्यावरून खाली येतील. शिवाय चावताना तो चोर कोण आणि गॅसचे सिलिंडर आणणारा कोण, हे ओळखेलच याची खात्री नाही.

पहिले काम मात्र लहान कुत्राही तितकेच चोख करतो. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंतचा. त्याची झोपही सावध असते. जिन्यावर अनोळखी पाऊल वाजले की घरातल्या माणसांच्या आधी त्याला कळते. चोराला सर्वांत नकोसा असतो तो गलबला. आपल्याकडे घराला घर लागून आहे. एका घरात कुत्रा भुंकू लागला की दोन्ही बाजूंचे शेजारी जागे होतात. म्हणून आपल्या वस्तीत राखणदाराचा आवाज महत्त्वाचा, आकार नव्हे.

ही कल्पना नवी नाही. तिबेटमधील मठांत आणि मोठ्या घरांत पूर्वी राखणीची वाटणी केलेली असे. दाराबाहेर धिप्पाड मॅस्टिफ बांधलेला आणि आत लहानसा ल्हासा अप्सो मोकळा. आतल्या कुत्र्याने चाहूल घेऊन भुंकायचे आणि सर्वांना सावध करायचे. त्याच्या तिबेटी नावाचा अर्थही 'सिंहासारखा भुंकणारा पहारेकरी' असाच सांगतात. वजन जेमतेम पाच ते आठ किलो!

आपल्या परंपरेतही कुत्र्याला मान आहे. ज्या मल्हाररावांच्या नावाने आपली वस्ती ओळखली जाते, त्या होळकरांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. त्याच्यासोबत कुत्रा असतो. दत्तात्रेयांच्या पायाशी चार कुत्रे असतात. महाभारताच्या शेवटी सोबतच्या कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल टाकायला युधिष्ठिराने नकार दिला, ही गोष्ट तर तुम्ही सर्वांनी ऐकलीच आहे.

मुधोळचा कुत्रा का नको?

मराठी माणसाला अभिमान वाटावा असा कुत्रा म्हणजे मुधोळ हाउंड. मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान, आज कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. तेथील राजांनी या शिकारी जातीला आश्रय दिला. ९ जानेवारी २००५ रोजी भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळही होता. पण हा उंच, सडपातळ कुत्रा मोकळ्या माळावर धावण्यासाठी घडलेला आहे. रोज मनसोक्त धावायला न मिळाल्यास तो चिडचिडा होतो आणि सामान कुरतडतो. दहा फुटी ओसरीत त्याला बांधून ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. अभिमान बाळगावा, पण कुत्रा आपल्या जागेच्या मानाने घ्यावा.

कायद्याची बाजूही पाहावी. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून रॉटवायलर, पिटबुल अशा २३ उग्र जातींवर बंदी घालण्यास सांगितले होते. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवले. कायदा काहीही असो, अशा कुत्र्यामुळे शेजारच्या मुलांना ओट्यावर खेळायची भीती वाटली, तर घर सुरक्षित झाले तरी गल्ली असुरक्षित झाली असेच म्हणावे लागेल.

आपल्या घराला मानवणाऱ्या जाती

निवड करताना आपल्याकडील चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: चाळिशी ओलांडणारा मे महिन्याचा पारा, अरुंद आणि उभे जिने, अंगणाचा अभाव आणि गोंगाट. रंगपंचमीला टोरी कॉर्नरची गेर निघते, अनंत चतुर्दशीला झांक्या, दिवाळीला फटाके. जरा आवाज झाला की कापणारा कुत्रा इथे सुखी राहणार नाही.

१. इंडियन स्पिट्झ : ज्याला आपण सरसकट 'पॉमेरियन' म्हणतो तो पांढरा झुबकेदार कुत्रा बहुधा हाच असतो. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' चित्रपटातील टफी याच जातीचा. याच्या लहान प्रकाराचे वजन पाच ते सात किलो असते. आपल्या हवेत तो पिढ्यान्‌पिढ्या वाढला आहे. चपळ, हुशार, घरच्यांना लळा लावणारा आणि परक्याला पाहून लगेच भुंकणारा. दोष एकच, कधीकधी विनाकारणही भुंकतो. ते लहानपणीच आवरावे लागते. केसही रोज विंचरावे लागतात.

२. देशी कुत्रा : याची गणती फार लहान कुत्र्यांत होत नाही, पूर्ण वाढलेला साधारण पंधरा-वीस किलोचा होतो. तरीही अल्सेशियनच्या निम्माच. आखूड केस, काटक शरीर, तीक्ष्ण कान. ऊन-पाऊस सोसण्यात याचा हात कोणी धरणार नाही. गल्लीतले किंवा एखाद्या प्राणिसेवी संस्थेकडचे पिल्लू घरी आणले तर पैसे वाचतात आणि एका जिवाला घर मिळते.

३. मिनिएचर पिन्शर : चार-पाच किलोचा, आखूड केसांचा. छोटा डॉबरमन दिसला तरी ही डॉबरमनहून जुनी जर्मन जात आहे. चाहूल घेण्यात तरबेज. पण फार चळवळ्या. उघड्या दारातून सटकतो. हाडे नाजूक असल्याने तीन-चार वर्षांच्या मुलांच्या हाती देऊ नये.

४. ल्हासा अप्सो : राखणीत पटाईत, पण लांब केस थंड प्रदेशासाठी आहेत. उन्हाळ्यात केस कापून, पंखा-कूलरच्या खोलीत ठेवण्याची तयारी असेल तरच घ्यावा.

५. डॅशहुंड : लांबट अंगाचा, आखूड पायांचा. जर्मनीत बिळातल्या बिज्जूची शिकार करण्यासाठी ही जात तयार केली. आवाज देहाच्या मानाने भारदस्त, त्यामुळे दाराआडून ऐकणाऱ्याला मोठाच कुत्रा वाटतो! मात्र याच्या मणक्यांतील चकत्या सरकण्याचा धोका इतर जातींपेक्षा पुष्कळ जास्त असतो. रोज माडीचा जिना चढला-उतरला तर मागचे पाय लुळे पडू शकतात. तळमजल्याच्या घरातच घ्यावा.

६. पग : २००३ च्या मोबाइलच्या जाहिरातीनंतर हा घरोघरी आला. गोड आहे, पण राखणदार नव्हे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून शरीर थंड करतो. पगचे नाक चपटे असल्याने त्याला नीट धापाही टाकता येत नाहीत. इंदूरच्या उन्हात त्याला उष्माघात लवकर होतो.

पिल्लू आणताना

पिल्लू आठ आठवड्यांपेक्षा लहान असेल तर घेऊ नये. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार असे पिल्लू विकण्यास मनाई आहे. आईपासून आणि भावंडांपासून लवकर तोडलेले पिल्लू पुढे भित्रे किंवा चावरे होण्याची शक्यता असते. शक्य असेल तर आईला पाहून यावे. आई शांत आणि माणसाळलेली असेल तर पिल्लू बहुधा तसेच निघते. घोळक्यात कोपऱ्यात दडणारे पिल्लू नको आणि सर्वांवर धावून जाणारेही नको. किल्ल्या खाली पाडून पाहाव्यात. दचकून पुन्हा कुतूहलाने जवळ येणारे पिल्लू उत्तम.

पहिले तीन-चार महिने त्याच्या घडणीचे असतात. या काळात त्याला निरनिराळी माणसे, लहान मुले, स्कूटरचा आवाज, कुकरची शिटी यांची ओळख करून द्यावी. ज्याला नेहमीचे काय ते ठाऊक असते, त्यालाच वेगळे काय ते कळते. सदा बंद खोलीत वाढलेला कुत्रा सगळ्यांवरच भुंकतो आणि मग त्याच्या भुंकण्याकडे कोणी लक्ष देत नाही. राखणीच्या दृष्टीने असा कुत्रा असून नसल्यासारखा.

भुंकण्याला शिस्तही लावता येते. बेल वाजली, तो भुंकला, की घरच्या माणसाने दाराशी जाऊन पाहावे आणि शांतपणे "पुरे" म्हणावे. तो थांबला की लगेच खाऊचा तुकडा द्यावा. आपण ओरडलो तर त्याला वाटते, आपणही त्याच्यासोबत भुंकतो आहोत! घरातील सर्वांनी एकच शब्द वापरावा.

लस टाळू नका

ही बाब सर्वांत महत्त्वाची. रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून जखमेत शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूपर्यंत जातो. लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. पण वेळेवर लस घेतल्यास हा रोग पूर्णपणे टाळता येतो. १८८५ साली लुई पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला ही लस देऊन वाचवले. कुत्र्याला साधारण तिसऱ्या महिन्यात पहिली लस, नंतर बूस्टर आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी लस द्यावी. पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लसी त्याआधीच, सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात. आपल्या जवळच महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही इंदूरकरांची मोठी सोय.

विद्यार्थी मित्रांनो, कोणताही कुत्रा चावला किंवा त्याने ओरबाडले, तर रागावतील म्हणून घरी लपवू नका. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. हळद, तिखट, चुना काहीही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि सर्व इंजेक्शने पूर्ण करा. तसेच जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्ले असलेल्या कुत्र्याला हात लावू नका. शेपूट हलवणारा प्रत्येक कुत्रा खुशीतच असतो असे नाही.

खाणे, साखळी आणि स्वच्छता

घरातले सर्व अन्न कुत्र्याला चालत नाही. कांदा आणि लसूण त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. द्राक्षे आणि मनुका मूत्रपिंडाला घातक ठरतात. चॉकलेट तर विषच. म्हणजे सकाळचे कांद्याचे पोहे आणि सणाचा मनुका घातलेला शिरा, दोन्ही वर्ज्य!

कुत्रा सतत बांधून ठेवू नये. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, कायम साखळीला असलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवले नाही तर तो मालकाचा गुन्हा ठरतो. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास फिरवणे लहान कुत्र्यालाही आवश्यक आहे. मे महिन्यात दुपारी तापलेल्या रस्त्यावर नेऊ नका. त्याचे तळवे भाजतात. फिरताना कागद आणि पिशवी जवळ ठेवून घाण उचलावी. २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या शहरात ही अपेक्षा वावगी नाही. नगर निगमाच्या नोंदणीची चौकशीही आधीच करावी.

शेवटी एक हिशेब

लहान जातीचा कुत्रा बारा ते पंधरा वर्षे जगतो. आज पाचवीत असलेल्या मुलाने हट्ट करून पिल्लू आणले, तर ते म्हातारे होईल तेव्हा तो मुलगा नोकरीला लागलेला असेल, कदाचित दुसऱ्या शहरात. म्हणून निर्णय मुलांच्या हट्टावर नव्हे, तर मागे घरात राहणार असलेल्या माणसांच्या इच्छेवर आणि ताकदीवर व्हावा. नव्याचे नऊ दिवस संपल्यावर रोज फिरवणार कोण, आजारपणात डॉक्टरकडे नेणार कोण आणि सुट्टीत सगळे गावी गेल्यावर सांभाळणार कोण, हे कागदावर नावानिशी लिहून मगच पिल्लू आणावे. ही नावे लिहिता येत नसतील, तर चांगले कुलूप, जिन्यावर दिवा आणि शेजाऱ्यांशी सलोखा हीच तूर्त उत्तम राखण समजावी.

आणि नावे लिहिता आली, तर पाच-सहा किलोचा एक इमानी जीव आजी-आजोबांच्या रिकाम्या दुपारी सोबत करील, संध्याकाळी त्यांना चार पावले चालायला लावील आणि रात्री अनोळखी पाऊल जिन्यावर पडताच सबंध गल्लीला जागे करील. आपल्या घराला एवढी राखण पुरेशी आहे.